घरच्या शाळेतले तर्कशास्त्र : पाठ्यपुस्तकांची एक चिकित्सा

पाठ्यपुस्तकांवर समीक्षा लिहिण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. कादंबरीची, कवितेची, आत्मचरित्राची चिकित्सा होते. पाठ्यपुस्तक परीक्षेपुरते वाचले जाते आणि जूनमध्ये रद्दीत जाते. पण पाठ्यपुस्तकालाही लेखक असतो, त्याच्या आवडीनिवडी असतात, आणि त्याने निवडलेल्या उदाहरणांतून त्याचे जग दिसत असते. तर्कशास्त्राच्या पुस्तकात हे अधिक जाणवते. हा विषय आशयाशी संबंध ठेवत नाही, फक्त विचाराचा आकार तपासतो असे आपण म्हणतो. आणि तरीही प्रत्येक पानावर कोणता ना कोणता आशय ठेवल्याशिवाय तो शिकवता येत नाही.

या लेखाचे निमित्त घरगुती आहे. माझी भाची अमेरिकेत राहते आणि तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीला शाळेत न पाठवता घरीच शिकवते. मी बरीच वर्षे अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवले, म्हणून तिने विचारले, ‘‘मावशी, हिच्यासाठी आकारिक तर्कशास्त्राचं एक पुस्तक सांग.’’ एखादे नाव सांगून मोकळे होता आले असते. परंतु तिकडे या एका गरजेसाठी पुस्तकांची मोठी बाजारपेठ उभी आहे, आणि त्या पुस्तकांमागे शिक्षणाविषयीच्या निरनिराळ्या कल्पना आहेत. त्या तपासल्याशिवाय निवड करणे म्हणजे मुखपृष्ठ पाहून कादंबरी घेणे.

एका रहस्यकथाकर्तीचे व्याख्यान

अमेरिकेतल्या सर्वसाधारण हायस्कुलांत तर्कशास्त्र हा स्वतंत्र विषय क्वचितच असतो. आपल्या राज्य मंडळाच्या कला शाखेत तो ऐच्छिक विषय म्हणून आहे. तिकडे अनेकांना तो महाविद्यालयात गेल्यावरच भेटतो. मग घरी शिकणाऱ्या बारा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या वेळापत्रकात तो आला कसा? त्याचा माग एका व्याख्यानापर्यंत जातो. लॉर्ड पीटर विम्झी या हौशी गुप्तहेराची निर्माती डोरोथी सेअर्स हिने १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये ‘द लॉस्ट टूल्स ऑफ लर्निंग’ हा निबंध वाचला. मध्ययुगीन युरोपात शिक्षणाचा पाया व्याकरण, वादविद्या आणि वक्तृत्व या तीन विद्यांवर रचला जाई. सेअर्सने या तीन विद्या मुलाच्या वाढीच्या तीन टप्प्यांवर बसवल्या : आधी पोपटासारखे पाठ करण्याचे वय, मग उलट बोलण्याचे आणि चुका काढण्याचे वय, आणि शेवटी स्वतःला व्यक्त करू पाहण्याचे वय. मधला टप्पा तर्कशास्त्राचा. मूल वाद घालणारच असेल तर ते नीट वाद घालायला शिको, असा तिचा रोख होता.

अमेरिकेत डग्लस विल्सन यांच्या १९९१ च्या पुस्तकाने हा निबंध पुन्हा चर्चेत आणला, आणि १९९९ मध्ये जेसी वाइज व सुझन वाइज बॉवर या मायलेकींच्या ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ने तो घराघरांत पोचवला. आज तिकडच्या सर्व ५० राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर आहे, आणि अभिजात पद्धतीने शिकवणाऱ्या घरांत ‘लॉजिक’ हा गणितासारखा नेमाचा विषय मानला जातो.

या निबंधात एक कबुली आहे, तिच्याकडे दुर्लक्ष होते. बालमानसशास्त्राविषयीची आपली मते शास्त्रसंमत नाहीत, आपण स्वतःच्या बालपणाकडे मागे वळून पाहत हे टप्पे मांडत आहोत, असे सेअर्स मोकळेपणी सांगते. एका अतिशय हुशार मुलीच्या आठवणीवर पुढे इतका मोठा अभ्यासक्रम उभा राहिला. म्हणून अमुक वय झाले की तर्कशास्त्र आलेच पाहिजे, या आग्रहाला मी फार किंमत देत नाही. सेअर्सचे दुसरे एक व्याख्यान मला या विषयाला जास्त जवळचे वाटते. १९३५ मध्ये, तेही ऑक्सफर्डमध्येच, तिने अॅरिस्टॉटल आणि रहस्यकथा यांचा संबंध जोडला होता. होमरने इतर कवींना नीट खोटे बोलायला शिकवले, असे अॅरिस्टॉटल काव्यशास्त्रात म्हणतो. ती युक्ती अशी : ‘अ’ असेल तर ‘ब’ असतो हे वाचकाला ठाऊक असते, लेखक त्याला ‘ब’ दाखवतो, आणि वाचक आपणहून ‘अ’ गृहीत धरतो. खुनी माणसाच्या कपड्यांवर रक्त असते. या माणसाच्या कपड्यांवर रक्त आहे. म्हणजे हाच खुनी. रहस्यकथा या सदोष अनुमानावर जगते, असे सेअर्सचे म्हणणे. कथालेखक हा दोष मुद्दाम वापरतो. आई-बापांच्या तोंडून तोच दोष नकळत निघतो, आणि त्यांची मुले त्यांच्यासमोरच बसलेली असतात.

चार खाने

घरच्या शाळेची खरी अडचण इथे सुरू होते. शाळेत शिक्षकाचे चुकले तर दुसरा शिक्षक असतो, वर्गातले एखादे आगाऊ पोर असते, बोर्डाचा परीक्षक असतो. घरी शिकवणारी, तपासणारी, गुण देणारी आणि रात्री जेवायला वाढणारी व्यक्ती एकच असते. इतिहास किंवा भूगोल शिकवताना याने फारसे बिघडत नाही. तर्कशास्त्र मात्र मुलाच्या हातात असे साधन देते की ते आईला म्हणू शकते, ‘‘तुझं म्हणणं खरं असेल, पण तू सांगितलेल्या कारणांवरून ते निघत नाही.’’ हे वाक्य उच्चारायला जे पुस्तक शिकवत नाही, ते घरी शिकणाऱ्या मुलाच्या उपयोगाचे नाही. माझी निवडीची कसोटी एवढीच आहे.

आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या परिभाषेत, आधारविधाने खरी मानली तर निष्कर्ष खरा मानावाच लागतो असा युक्तिवाद ‘युक्त’, आणि तसे बंधन नसेल तर ‘अयुक्त’. निष्कर्ष आपल्याला पटतो की नाही, हा प्रश्न वेगळा. म्हणजे चार खाने होतात : युक्त आणि पटणारा, युक्त पण न पटणारा, अयुक्त पण पटणारा, अयुक्त आणि न पटणारा. पहिला आणि चौथा खाना सोपा आहे. तिथे आवड आणि तर्क एकाच बाजूला असतात. परीक्षा होते ती मधल्या दोन खान्यांत. १९८३ मध्ये इव्हान्स, बार्स्टन आणि पोलार्ड या मानसशास्त्रज्ञांनी हेच मोजले. निष्कर्ष विश्वसनीय वाटत होता तेव्हा लोकांनी अयुक्त युक्तिवाद ७१ टक्के वेळा मान्य केले. अविश्वसनीय वाटत होता तेव्हा अवघे १० टक्के वेळा. उलट, युक्त असूनही निष्कर्ष अविश्वसनीय असलेले युक्तिवाद ५६ टक्केच वेळा स्वीकारले गेले. माणसे आधी निष्कर्ष पाहतात, आकार मागाहून.

घरच्या शाळेसाठी मधल्या खान्यांतली दोन उदाहरणे मी मुद्दाम रचली. पहिले असे : ज्या मुलांकडे आई-वडील लक्ष देतात ती सर्व चांगली शिकतात, घरी शिकणारी सर्व मुले चांगली शिकतात, म्हणून घरी शिकणाऱ्या सर्व मुलांकडे आई-वडील लक्ष देतात. घरी शिकवणाऱ्या कोणत्याही आईला हा निष्कर्ष आवडेल. युक्तिवाद मात्र अयुक्त आहे. ‘चांगली शिकणे’ हे दोन्ही गटांना लागू पडले म्हणून एक गट दुसऱ्यात बसत नाही. सर्व कावळे काळे, सर्व कोळसे काळे, म्हणून सर्व कोळसे कावळे, असा त्याचा आकार आहे. दुसरे उदाहरण : ज्या शिक्षणात बरोबरीच्या मुलांशी रोज वाद होत नाही ते अपुरे आहे, आमच्या घरच्या शिक्षणात बरोबरीच्या मुलांशी रोज वाद होत नाही, म्हणून आमचे घरचे शिक्षण अपुरे आहे. हा युक्तिवाद युक्त आहे. निष्कर्ष नको असेल तर दोनपैकी कोणते आधारविधान खोटे आहे, ते आईला सांगावे लागेल. नुसते रागावून भागणार नाही.

बाजारातली पुस्तके

ही कसोटी हातात घेऊन पुस्तकांकडे पाहू. सर्वांत लोकप्रिय असतात ती तर्कदोषांची पुस्तके. नथॅनियल आणि हान्स ब्लूडॉर्न या बंधूंचे ‘द फॅलसी डिटेक्टिव्ह’ हे त्यांतले नावाजलेले. जाहिरातींच्या विडंबनांतून दोष ओळखायला लावणारे ‘द आर्ट ऑफ आर्ग्युमेंट’ही त्याच वाटेचे. भाषा सोपी, उदाहरणे रोजची, मुलांना गंमत वाटते. पण हे आकारिक तर्कशास्त्र नाही, आणि सुरुवात यांनी करू नये असे माझे मत आहे. दोषांची यादी पाठ झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्यावर फेकायला नावे मिळतात. ‘‘हा व्यक्तिगत हल्ला झाला’’, ‘‘ही घसरती उतरण झाली’’ असे म्हटले की उत्तर दिल्याचे समाधान होते. निर्दोष युक्तिवाद कसा दिसतो हे कळण्याआधी दोष शिकवणे म्हणजे सूर कानात बसण्याआधी बेसूर गाणाऱ्यांची यादी करणे.

दुसरा गट परंपरागत तर्कशास्त्राचा. मेमोरिया प्रेसचे मार्टिन कॉथ्रनलिखित ‘ट्रॅडिशनल लॉजिक’ हे त्याचे ठळक उदाहरण. पद, विधान आणि तीन ओळींचे अनुमान, म्हणजे संवाक्य, या क्रमाने ते अॅरिस्टॉटलची आणि मध्ययुगीन पाठशाळांची वाट चालते. शिस्त चांगली आहे. व्याख्या नेमक्या कराव्या लागतात. मर्यादाही स्पष्ट आहेत. ऑगस्टस डी मॉर्गन हा गणिती १८०६ मध्ये मदुराईत जन्मला. घोडा हा प्राणी आहे, म्हणून घोड्याचे डोके हे प्राण्याचे डोके आहे, हे साधे अनुमान जुन्या संवाक्यात बसत नाही, हे दाखवणारे उदाहरण त्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. नात्यांची भाषा तिथे नाही. आत्या म्हणजे वडिलांची बहीण, एवढे समजणाऱ्या मुलाला हे तर्कशास्त्र तोकडे पडते. १८७९ मध्ये फ्रेगेने नवी चिन्हभाषा रचली तेव्हा ही अडचण सुटली.

दुसरी मर्यादा आणखी बारीक आहे. परंपरागत तर्कशास्त्रात ‘सर्व अ हे ब आहेत’ यावरून ‘काही अ हे ब आहेत’ असे काढता येते. आता घरातला नियम घ्या : बूट घालून आत येणाऱ्या सर्वांना फरशी पुसावी लागेल. यावरून कोणीतरी बूट घालून आत आले, असे निघते का? नियम चांगला पाळला गेला तर असा एकही माणूस सापडणार नाही. आधुनिक तर्कशास्त्र म्हणूनच ‘सर्व’वरून ‘काही’कडे जाऊ देत नाही. हा फरक जे पुस्तक समजावून सांगते, ते मुलाला विचार करायला लावते. जे सांगत नाही, ते नियम पाठ करायला लावते.

तिसरे, जेम्स नान्स यांचे ‘इंट्रोडक्टरी लॉजिक’ आणि त्यापुढचे ‘इंटरमिजिएट लॉजिक’. पहिल्यात संवाक्य, दुसऱ्यात सत्यता-कोष्टके, सिद्धता आणि सत्यता-वृक्ष. आकारिक शिक्षण म्हणून हा क्रम पुष्कळ पूर्ण आहे. ही मालिका ख्रिस्ती प्रकाशनाची आहे, आणि ती त्याच श्रद्धेच्या वाचकाला समोर ठेवून लिहिली आहे. यात गैर काही नाही. प्रत्येक परंपरा आपल्या अंगणातली उदाहरणे घेते. प्रश्न एवढाच की ज्या घरात ते पुस्तक जाते त्या घराच्या श्रद्धेला धक्का देणारी, पण आकाराने युक्त असलेली उदाहरणे मुलाला भेटतात का. हे मी कोणत्याही श्रद्धेच्या पुस्तकाला विचारीन, आणि नास्तिकाने लिहिलेल्या पुस्तकालाही विचारीन.

चौथे पुस्तक जुने आहे. लुई कॅरलने १८८६ मध्ये ‘द गेम ऑफ लॉजिक’ काढले तेव्हा त्याबरोबर एक छापील पट आणि नऊ सोंगट्या होत्या, चार तांबड्या आणि पाच करड्या. आज ते कोणालाही मोफत वाचता येते. कॅरलची विधाने इतकी विक्षिप्त असतात की त्यांवर कोणाचे मतच नसते, त्यामुळे मुलाला आकाराकडे पाहावेच लागते. आकार वेगळा काढायला शिकवणारा याहून हसरा शिक्षक मला माहीत नाही. पण ज्यांवर घराचे मत आहे अशी विधाने त्यात नाहीत. मधल्या दोन खान्यांचा उंबरठा तो ओलांडतो, आतल्या खोलीत जात नाही.

पाचवे, पी. डी. मॅग्नस यांचे ‘फॉर ऑल एक्स’. महाविद्यालयासाठी लिहिलेले, मुक्त परवान्याचे, फुकट मिळणारे. विधान-तर्कशास्त्र, संख्यापके आणि सिद्धता हे सगळे त्यात आहे. याच्या शेजारी आपल्या राज्य मंडळाची अकरावी-बारावीची पुस्तके ठेवावीत. त्यांवर कोपीच्या पद्धतीची छाप आहे : अनुमानाचे नऊ नियम, एका विधानाच्या जागी त्याच्याशी समान दुसरे ठेवण्याचे दहा नियम, आणि प्रत्येक ओळीपुढे कारण लिहिण्याची सक्ती. ही सक्तीच मला मोलाची वाटते. सिद्धतेच्या चौथ्या ओळीसमोर ‘ओळ १ व ३, अमुक नियम’ असे लिहिले की ती ओळ बरोबर आहे की चूक, हे ठरवायला आईचा अधिकार लागत नाही. लेक तपासू शकते, आई तपासू शकते, आणि दोघींना तेच उत्तर मिळते.

आपला न्याय पुरेसा का नाही

परदेशातल्या मराठी घरात एक मोह असतो : मग आपले न्यायशास्त्रच का शिकवू नये? अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ सतराव्या शतकातला, नवशिक्यांसाठीच रचलेला. आठल्ये आणि बोडस यांची १८९७ ची मुंबई संस्कृत मालेतली आवृत्ती इंग्रजी टिपांसह आहे, म्हणजे तिकडे वाढलेल्या मुलीलाही ती उघडता येईल. टीकाकारांनी तिथल्या ‘बाल’ शब्दाचा अर्थही छान सांगितला आहे : व्याकरण, काव्य शिकलेला, पण न्याय न शिकलेला. आमची पंधरा वर्षांची मुलगी त्या व्याख्येच्या जवळपास येते.

तरी पहिले पुस्तक म्हणून मी ते सुचवणार नाही. कारण हेत्वाभासांच्या यादीत आहे. सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध आणि बाधित असे ते पाच. यातला ‘बाधित’ पाहा. अग्नी उष्ण नाही, कारण तो द्रव्य आहे, हे अनुमान दुष्ट ठरते, कारण अग्नी उष्ण असल्याचे आपल्याला स्पर्शानेच कळलेले असते. म्हणजे निष्कर्षाचा खोटेपणा हाच इथे अनुमानाचा दोष. न्यायाचे ध्येय यथार्थ ज्ञान आहे, म्हणून त्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण त्यामुळे ‘युक्त पण न पटणारा’ हा खाना वेगळा राहत नाही. धूर आणि अग्नीच्या अनुमानात स्वयंपाकघराचे उदाहरण द्यावे लागते तेही याचसाठी : न्यायाला रिकामा आकार नको, जगातला दाखला हवा. ही त्याची ताकद आहे, आणि आकारिक तर्कशास्त्राच्या जागी त्याला न बसवण्याचे कारणही तेच.

दुसरे पुस्तक म्हणून मात्र त्याला तोड नाही. ‘सत्प्रतिपक्ष’ या हेत्वाभासासारखी गोष्ट वरच्या कोणत्याही पुस्तकात मला इतक्या नेमकेपणी भेटली नाही. शब्द नित्य आहे कारण तो ऐकू येतो, असे एकाने म्हटले. शब्द अनित्य आहे कारण तो निर्माण केला जातो, असे दुसऱ्याने म्हटले. तेवढ्याच तोलाचे उलट कारण समोर उभे राहिले की पहिले कारण आपले काम करू शकत नाही. आपल्या मताविरुद्धचे कारण स्वतः शोधण्याची सवय यातून लागते. गौतमाच्या सूत्रांतला वाद, जल्प आणि वितंडा हा भेदही तर्कदोषांची यादी हाती देण्याआधी शिकवावा. सत्य शोधण्यासाठी बोलणे, जिंकण्यासाठी बोलणे आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त दुसऱ्याची पाडणे, यांतले आपण आत्ता काय करत आहोत, हे मुलीने आणि आईने एकमेकींना विचारावे.

पुस्तकाने काय होत नाही

एक इशारा द्यायला हवा. पीटर वेसनने १९६६ मध्ये मांडलेले चार पत्त्यांचे कोडे प्रसिद्ध आहे. देवनागरीत सांगायचे तर पत्त्यांवर अ, क, ४ आणि ७ दिसतात. नियम असा : एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम तपासायला कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. उत्तर अ आणि ७ आहे. ४ च्या मागे काहीही असले तरी नियम मोडत नाही. चेंग, होलियोक, निसबेट आणि ऑलिव्हर यांनी १९८६ मध्ये दाखवले, की तर्कशास्त्राचा एका सत्राचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या विद्यार्थ्यांतही या कोड्याबाबत जवळजवळ काही सुधारणा झाली नव्हती. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीवर हे एक प्रकारे शेरा मारणारे संशोधन आहे, आणि ते मला खरे वाटते. कोष्टके सोडवणारी मुले वर्गाबाहेर तशीच घाईने बोलताना मी पाहिली आहेत.

कॅरलने १८९५ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात लिहिलेल्या कासव आणि अकिलीजच्या संवादात याचे मर्म आहे. कासव आधारविधाने मान्य करते, त्यांवरून निष्कर्ष निघतो हा नियमही लिहून घेते, आणि तरी निष्कर्ष मानत नाही. अकिलीज नियमामागून नियम लिहीत राहतो. नियम कागदावर असून भागत नाही, तो आपल्यावर चालू द्यावा लागतो. घरात हे कोणी आधी करायचे, असा प्रश्न आला तर उत्तर सरळ आहे : वयाने मोठ्या माणसाने.

म्हणून भाचीला मी एक पुस्तक न सांगता क्रम कळवला. सुरुवातीचे काही आठवडे कॅरलचा पट. नंतर वर्षभर ‘फॉर ऑल एक्स’, आणि सरावाला आपल्या बोर्डाची पुस्तके. तीन विधानांच्या आठ ओळींच्या कोष्टकापासून संख्यापकांपर्यंत. मग तर्कसंग्रहातला अनुमानखंड. तर्कदोषांचे पुस्तक अगदी शेवटी. जोडीला चार खान्यांची एक वही. दर आठवड्याला मुलीने मधल्या दोन खान्यांत एकेक युक्तिवाद लिहायचा, घराला प्रिय असलेल्या एखाद्या मतावर, आणि तो आईने सोडवायचा. तपासायचे काम मुलीचे. भाचीला ही शेवटची अट जरा जड वाटली, असे तिच्या पत्रावरून दिसते. पण ती वगळली तर उरलेला सगळा क्रम कोणत्याही शिकवणीत मिळतो. त्यासाठी मुलीला घरी ठेवण्याची गरज नाही.